एकट्याची गिटार आणि संगणकाचा कान

आपल्या नियतकालिकांतून कवितासंग्रहांची परीक्षणे येतात, नाट्यप्रयोगांची येतात, भक्तिगीतांच्या नव्या संग्रहांचीही येतात. परंतु एखाद्या तरुणाने आपल्याच घरी, आपल्याच खोलीत बसून, आपले गिटारवादन संगणकावर मुद्रित केले, तर त्याचे परीक्षण कोणी करीत नाही. आईवडील कौतुक करतात, मित्र पाठ थोपटतात आणि विषय तेथेच संपतो. कौतुक हे प्रेमाचे काम आहे. ते अवश्य व्हावे. तथापि कौतुक म्हणजे समीक्षा नव्हे. आज आपल्या अनेक कुटुंबांतील मुले-मुली हा उद्योग मन लावून करीत आहेत. अशी काही मुद्रणे आम्ही लक्षपूर्वक ऐकली. त्यांतून जे विचार मनात आले, ते येथे मांडण्याचा हेतू आहे. कोणा एकाच्या वादनाचे गुणदोष सांगणे हे आमचे प्रयोजन नाही. या नव्या प्रकाराकडे कोणत्या कसोट्यांनी पाहावे, एवढाच प्रश्न आम्ही घेतला आहे.

या प्रश्नासाठी आम्ही मुद्दाम मुंबई वा पुणे न निवडता सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ डोळ्यांसमोर ठेवतो. मिरजेहून पंढरपूरकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे तालुक्याचे ठिकाण. पाऊस बेताचा, द्राक्षबागा पुष्कळ, जवळून वाहणारी अग्रणी नदी बराच काळ कोरडी. नोकरीनिमित्त आपले एखादे कुटुंब अशा गावी राहावयास येते, तेव्हा त्या घरातील गिटार वाजविणाऱ्या मुलाला सोबत नसते. गायकवृंद दूर, शिक्षक दूर, भाड्याने घ्यावा असा स्टुडिओही दूर. अशा मुलाच्या हाती घरचा संगणक येतो तेव्हा तो त्याला गुरू, साथीदार आणि श्रोता अशा तिन्ही भूमिका देऊ पाहतो. यांपैकी कोणती भूमिका संगणकाला खरोखर पेलते, हे पाहणे अगत्याचे आहे.

एक गैरसमज प्रथम दूर करावयास हवा. घरी बसून नादाची बारकाईने तपासणी करणे हा काही परक्या देशातून आलेला छंद नव्हे. या मुलखाला त्याची परंपरा आहे. कवठे महांकाळच्या पश्चिमेस असलेल्या मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी आणि तंबोरे घडविले जातात. पूर्वी शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब सतारमेकर यांच्यापासून ही परंपरा सुरू झाली. तंबोऱ्याचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस पिकतात आणि वाळून मिरजेला येतात. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. या तंबोऱ्याचा प्राण त्याच्या जवारीत असतो. घोडीचा पृष्ठभाग किंचित गोलसर घासून तारेखाली सुताचा धागा नेमक्या जागी सरकविला की एका तारेतून स्वरांचा एक समुदायच उमटू लागतो. सर सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या वाद्यांवर लिहिले, तेव्हा त्यांना याचेच नवल वाटले होते. तार ज्या बिंदूवर छेडावी त्यानुसार जे अंशस्वर नियमाने उमटू नयेत, तेही या घोडीमुळे ऐकू येतात, हे त्यांनी दाखवून दिले.

सांगलीचेच कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी तारांच्या लांबीची मापे घेऊन बावीस श्रुतींची स्थाने ठरविण्याचा प्रयत्न केला आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. त्यांच्या गळ्याचे साहाय्य देवलांना लाभले. सनदी सेवेतील न्यायाधीश ई. क्लेमंट्स यांनी हेच काम पुढे नेले आणि १९१३ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या सर्वच निष्कर्षांना पुढील अभ्यासकांनी मान्यता दिली असे नाही. पण एक सरकारी अधिकारी, एक न्यायाधीश आणि एक गवई एकत्र बसून एकेका स्वराचे माप घेतात, हे दृश्य याच मुलखातले आहे. कवठे महांकाळच्या मुलाने संगणकाच्या पडद्यावर आपल्या तारेची लहर न्याहाळली तर तो या परंपरेपासून फार दूर गेला असे आम्ही म्हणणार नाही.

आता मुद्रणाकडे वळू. ध्वनिमुद्रणाचा इतिहास हा एका अर्थी मर्यादांचा इतिहास आहे, आणि कलेच्या समीक्षकाला मर्यादांमध्ये रस असला पाहिजे. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांच्या गायनाचे मुद्रण झाले तेव्हा कर्ण्यासमोर तोंड धरून, मोठ्या आवाजात, सुमारे तीन मिनिटांत सारे आटपावे लागे. १९२५च्या सुमारास विजेवर चालणारे मुद्रण आले आणि कर्णा गेला. पण तबकडीची तीन-साडेतीन मिनिटांची मुदत राहिलीच. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातील तबकड्या ऐकाव्यात. मैफलीत तासभर फुलणारा राग त्यांनी त्या मुदतीत बसविला, पण घाई कोठे जाणवत नाही. आलापातील एकही जागा भरताड नाही. जे सांगावयाचे ते आधी मनात पूर्ण झाले आहे आणि मग ते यंत्रासमोर एकदाच, सलग, उच्चारले गेले आहे. १९३७ साली खाँसाहेब निवर्तले. मिरजेत त्यांची कबर आहे आणि त्यांच्या तबकड्या आजही ऐकल्या जातात. मर्यादेने कलावंताला लहान केले नाही. उलट काय टाळावे हे शिकविले.

दुसरे उदाहरण आपल्या समाजाच्या अधिक जवळचे. गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांतून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले वादक मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या संगीत-संयोजकांनी तेथील वाद्यवृंदाला आकार दिला. त्या काळी गायक आणि सारे वादक एकाच वेळी मुद्रण करीत. एका व्हायोलिनवाल्याचा हात चुकला की सर्वांना आरंभापासून पुन्हा वाजवावे लागे. या भीतीत एक शिस्त होती आणि शिस्तीत एक बंधुभाव होता. माझी चूक ही केवळ माझी नसते, ती चाळीस माणसांचा वेळ घेते, ही जाणीव वादकाला जबाबदार बनवी.

एकट्याने घरी मुद्रण करण्याची वाट या दोन्हींहून वेगळी आहे. अमेरिकेत लेस पॉल या गिटारवादकाने घरच्या गॅरेजमध्ये एकावर एक असे स्वतःचेच अनेक वादन-थर चढविले आणि १९४८ साली ते लोकांसमोर आणले. एक माणूस स्वतःलाच साथ करू शकतो, हे तेव्हा जगाला कळले. १९७९ साली टॅस्कॅम कंपनीचे चार पट्ट्यांचे कॅसेट-यंत्र निघाले आणि ही सोय सामान्य माणसाच्या टेबलावर आली. त्या यंत्रावरची सर्वांत बोलकी कृती म्हणजे ब्रूस स्प्रिंगस्टीन यांची ‘नेब्रास्का’. जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथील घरी, साध्या मायक्रोफोनांसमोर, गिटार आणि माउथऑर्गन घेऊन त्यांनी ही गाणी केवळ नमुना म्हणून मुद्रित केली. पुढे स्टुडिओत वाद्यवृंदासह तीच गाणी करून पाहिली. पण घरच्या कॅसेटमध्ये जे होते ते तेथे उतरले नाही. अखेरीस त्याच वर्षी सप्टेंबरात ती कॅसेटच तबकडीच्या रूपाने प्रसिद्ध झाली.

‘नेब्रास्का’ चांगली का वाटते? फितीची सरसर ऐकू येते म्हणून नव्हे. आमच्या काही तरुणांनी हा दोषच गुण समजून संगणकावरच्या स्वच्छ मुद्रणात मुद्दाम फितीची सरसर मिसळलेली आम्ही ऐकली. हे वहाणेला जुनी दिसावी म्हणून माती फासण्यासारखे आहे. त्या कृतीचे बळ असे, की गाणाऱ्याला आपण कोणापुढे बोलत आहोत याचे भान आहे. कर्ज, गुन्हा, बेकारी यांनी पिचलेल्या माणसांच्या त्या कथा आहेत आणि त्या एका खोलीत एका माणसाने दुसऱ्याला सांगाव्या तितक्याच आवाजात सांगितल्या आहेत. खोलीचा आकार आणि गाण्याचा आकार एक झाला आहे. घरच्या मुद्रणाची पहिली कसोटी आम्हांला येथे सापडते: हे वादन ज्या जागी झाले त्या जागेला साजेसे आहे काय?

या कसोटीवर आमच्या ऐकण्यातील बहुसंख्य मुद्रणे उतरत नाहीत, हे खेदाने नमूद करावे लागते. दहा फुटी खोलीत वाजविलेल्या गिटारला संगणकाच्या साहाय्याने प्रचंड कॅथीड्रलचा घुमारा जोडलेला असतो. ऐकणाऱ्याला क्षणभर भव्य वाटते. मग ध्यानात येते, की त्या घुमाऱ्याखाली उजव्या हाताची अस्पष्टता झाकली आहे. तारा एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. घुमारा हा उदबत्तीसारखा असावा. धूर इतका नको की समोरचा माणूसच दिसू नये.

येथे थोडे यंत्राविषयी बोलणे भाग आहे. कारण साधन कसे ऐकते हे ठाऊक नसेल तर साध्याची समीक्षा करता येत नाही. संगणक नाद साठवीत नाही, मोजमापे साठवतो. मायक्रोफोनमधून आलेल्या विद्युत्‌दाबाचे माप तो सेकंदाला ४४,१०० वेळा घेतो. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीचे हेच प्रमाण. प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसविले जाते. डावा-उजवा असे दोन कान धरले, तर एका मिनिटाला सुमारे दहा मेगाबाइट जागा लागते. एके काळी ही जागा महाग होती. आज ती क्षुल्लक झाली आहे. २००० साली लोकांसाठी खुली झालेली ‘ऑडॅसिटी’ ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि तिच्यात शिकाऊ माणसाला लागणारे जवळजवळ सारे आहे. म्हणजे पैशाची अडचण पूर्वीइतकी उरलेली नाही. अडचण आहे ती कानाची आणि खोलीची.

मायक्रोफोन माणसाच्या कानासारखा समंजस नसतो. आपला कान नको असलेला आवाज बाजूला सारतो. मायक्रोफोन सारे काही इमानाने लिहून घेतो. कवठे महांकाळच्या घरात त्याला काय काय ऐकू येईल? पत्र्यावर चिमण्यांची पावले, छताचा पंखा, पहाटे द्राक्षबागेतील फवारणीचा ब्लोअर, रस्त्यावरचा ट्रॅक्टर आणि या सर्वांखाली विजेची मंद घरघर. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. तिची घरघर ५० आणि त्याच्या दुपटीने १०० या कंपनसंख्येवर उमटते. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा तिसरा पडदा ९८ कंपनांचा आहे. तो पडदा दाबून धरला की घरघर आणि स्वर यांच्यात सेकंदाला दोन हेलकावे जाणवतात. वादकाला वाटते गिटार उतरली; वस्तुतः दोष वायरीत असतो. पंखा बंद करावा, भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगाव्या, रात्री गाव निजल्यावर बसावे, मायक्रोफोन गिटारच्या पोकळीसमोर न ठेवता मान आणि पेटी जुळते तेथे वीतभर अंतरावर धरावा. पोकळीसमोर केवळ खर्जाची घुमघुम मिळते. बाराव्या पडद्याजवळ तार आणि लाकूड दोन्ही ऐकू येतात. आवाजाची पातळीही थोडी खालीच ठेवावी. वरची मर्यादा ओलांडली की लहरीचा माथाच कापला जातो आणि मागाहून कितीही खटपट केली तरी तो धड परत येत नाही. ही शिस्त पाळलेली मुद्रणे, वादन साधे असले तरी, आम्हांला ऐकावीशी वाटली.

दुसरी कसोटी सुराची. अलीकडे गिटारखाली संगणकातून मिळणारा तंबोरा लावण्याची रीत आपल्या मुलांमध्ये दिसते. हेतू चांगला आहे. दोन संस्कृतींचा संगम घडवावा, असे तरुण मनाला वाटणे स्वाभाविक आहे. पण संगम नुसता शेजारी ठेवण्याने होत नाही. तंबोऱ्याच्या षड्जाच्या तारेतून एक गंधार आपोआप ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तो मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा असतो. गिटारची पाचवी तार मोकळी सोडली तर ११० कंपने देते. तोच षड्ज धरला तर स्वयंभू गंधार ५५० वर पडतो. परंतु गिटारचे पडदे सप्तकाचे बारा समान भाग करून बसविलेले आहेत. तिच्या पहिल्या तारेच्या नवव्या पडद्यावरचा गंधार ५५४ च्या किंचित वर आहे. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला चार हेलकावे येतात. हा काही वादकाचा दोष नव्हे, आणि संगणकातील स्वर जुळविण्याचे साधन तर हिरवा दिवा दाखवून सारे ठीक असल्याची ग्वाही देते. कारण ते समान बारा भागांच्या मापानेच तपासते. देवलांनी शंभर वर्षांपूर्वी ज्या फरकासाठी तारा मोजल्या, तो हाच फरक आहे.

मग गिटारवाल्याने तंबोरा वर्ज्य मानावा काय? तसे नव्हे. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीकडे पाहावे. शिवकुमार शर्मा यांचा संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत रागांतून उलगडत जातो. काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि बोटांनी पडदे दाबण्याऐवजी तारेवरून धातूची कांडी सरकविली. पडद्यांची सक्ती संपली, मींड आली, गंधार हवा तेथे थांबविता येऊ लागला. त्यांनी वाद्याला शरण न जाता प्रश्न ओळखला आणि वाजविण्याची पद्धतच बदलली. ज्याला हे करावयाचे नाही त्याने तंबोऱ्याऐवजी केवळ षड्ज-पंचमाचा साधा आधार घ्यावा, किंवा लांबवून धरलेला गंधार टाळावा. नाहीतर तंबोरा काढून टाकावा. आम्ही ऐकलेल्या एका मुद्रणात तंबोरा नव्हता, तबला नव्हता, केवळ सहा तारा होत्या. आणि तेच त्या साऱ्यांत अधिक भारतीय वाटले, कारण त्यात प्रत्येक स्वर ऐकून मग पुढे जाण्याची वृत्ती होती.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण, आणि येथे प्रश्न केवळ कलेचा राहत नाही. संगणकावर चूक पुसता येते. एक कडवे दहा वेळा वाजवून त्यांतील उत्तम तुकडे जोडता येतात. लयीत मागेपुढे झालेला आघात उचलून नेमक्या जागी ठेवता येतो. १९९७ साली आलेल्या ‘ऑटो-ट्यून’ने गळ्याचा सूरही दुरुस्त होऊ लागला. भूगर्भातील तेलाच्या शोधासाठी ध्वनिलहरींचे विश्लेषण करणारे अँडी हिल्डेब्रँड हे त्याचे जनक, ही गोष्ट आम्हांला मोठी सूचक वाटते. जमिनीखालचे अदृश्य शोधण्याची विद्या माणसाचे उघड वैगुण्य झाकण्याच्या कामी आली. या साऱ्या दुरुस्त्यांनंतर जे उरते ते निर्दोष असते आणि पुष्कळदा निर्जीवही असते. श्वास घेण्यासाठी वादक जेथे क्षणभर थांबतो, आशय जड होतो तेथे लय किंचित ओढली जाते, तेच संगीताचे बोलणे असते. आघात सारे मोजपट्टीवर बसविले की बोलणे थांबते.

तथापि यंत्राला दोष देऊन मोकळे होणे आम्हांला मान्य नाही. हेच यंत्र एक दुर्मीळ वस्तूही देते. वाजविताना वादक स्वतःला ऐकत नाही. तो आपला हेतू ऐकतो. मुद्रण परत लावले की हेतू गळून पडतो आणि केवळ कृती समोर येते. आपण कोठे घाई करतो, कोणते बोट नेहमी उशिरा पडते, अवघड जागा आली की आवाज कसा मोठा होतो, हे सारे पहिल्यांदाच कळते. संध्याकाळी निजण्यापूर्वी दिवसाचा हिशेब मनाशी घेण्याची जी सवय आपल्या घरांतून लावली जाते, तिच्याशी या ऐकण्याचे नाते आहे. चूक ऐकणे आणि ती उद्या सुधारणे हा एक मार्ग. चूक ऐकणे आणि ती पडद्यावर पुसून टाकणे हा दुसरा. पहिल्या मार्गाने वादक बदलतो, दुसऱ्याने केवळ फाइल बदलते. संगणक कोणता मार्ग सुचवितो याला महत्त्व नाही. तो दोन्ही देतो. निवड आपली आहे.

हाच विचार धर्मग्रामाच्या उपासनेपर्यंत नेला पाहिजे, कारण आपल्या बहुतेक मुलांची गिटार शेवटी तेथे पोहोचते. गिटारचे आणि उपासनेचे नाते काही कालपरवाचे नाही. ‘सायलेंट नाइट’ हे नाताळगीत २४ डिसेंबर १८१८ रोजी साल्झबुर्गजवळच्या ओबेर्नडॉर्फ येथे प्रथम गायले गेले ते गिटारच्या साथीने. शब्द तेथील धर्मगुरू योझेफ मोर यांचे, स्वररचना शिक्षक आणि ऑर्गनवादक फ्रान्झ ग्रुबर यांची, आणि गिटारही मोर यांचीच. पुढे १९०३ साली पोप दहावे पायस यांनी चर्चमधील संगीताला शिस्त लावताना पियानो तसेच ढोल-झांजांसारखी वाद्ये वर्ज्य ठरविली. १९६३ साली द्वितीय व्हॅटिकन परिषदेने पाइप ऑर्गनचा मान कायम राखून, पवित्र कार्यास योग्य अशा इतर वाद्यांनाही धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने दार उघडले. आपल्या चर्चमधून तबला, पेटी आणि गिटार ऐकू येते ते या दारातून.

या दोहोंच्या मध्ये एक दस्तऐवज आहे; त्याची आठवण आज फारशी कोणाला नाही. सप्टेंबर १९५८ मध्ये रोमहून उपासना-संगीताविषयी एक सविस्तर सूचना निघाली. तिच्यात ग्रामोफोन, रेडिओ, ध्वनिफीत यांसारख्या यंत्रांना उपासनाविधीत मज्जाव करण्यात आला. गायकवृंदाच्या वा भाविकांच्या गायनाच्या जागी तर नाहीच, पण त्या गायनाला नुसता आधार म्हणूनही नाही. त्याच सूचनेत एक सवलत होती. विधीबाहेर, भाविकांना पवित्र गायन शिकविण्यासाठी ही यंत्रे वापरण्यास मुभा होती. परिषदेनंतर संगीताचे नियम नव्याने लिहिले गेले. जुन्या सूचनेचा आधार घेऊन आज कोणाशी वाद घालावा असे आम्हांला सुचवावयाचे नाही. पण त्या भेदामागची दृष्टी आम्हांला फार मोलाची वाटते. यंत्र शिकवू शकते. यंत्र अर्पण करू शकत नाही. अर्पण करावयास जिवंत माणूस हवा, मग त्याचा सूर थोडा हलला तरी चालेल.

आज परिस्थिती अशी आहे, की घरी नीट दुरुस्त केलेले वादन पेन ड्राइव्हवर घालून आणावे, मिस्सेच्या वेळी ध्वनिक्षेपकावर लावावे आणि गायकांनी त्यावर गावे, ही कल्पना हळूहळू रुजू पाहते आहे. सोय मोठी आहे. वादक आजारी पडत नाही, उशिरा येत नाही, रुसत नाही. पण ते वादन धर्मगुरूंच्या शब्दासाठी थांबत नाही. वृद्ध भाविकांचा आवाज मागे पडला तर त्यांच्यासाठी संथ होत नाही. प्रभुभोजनाची रांग लांबली म्हणून आणखी एक कडवे घेत नाही. साथ या शब्दाचा अर्थच सोबत चालणे असा आहे, आणि जे दुसऱ्याच्या पावलाप्रमाणे आपले पाऊल बदलत नाही त्याला साथ म्हणता येत नाही. आणखी एक हानी आहे. ती लगेच दिसत नाही. गायकवृंदातील कच्चा वादक पक्का होतो तो लोकांसमोर चुकून, शेजारच्या वडीलधाऱ्याने डोळ्यांनी सावरून घेतल्यावर. त्याची जागा निर्दोष मुद्रणाने घेतली तर पुढच्या पिढीचा वादक कोठे तयार होणार?

यावर कोणी म्हणेल, की कवठे महांकाळसारख्या ठिकाणी राहणाऱ्या एकट्या मुलाने मग करावे काय? त्याला गायकवृंद आहे कोठे? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर त्याच मुलाच्या हाती आहे. त्याने मुद्रण जरूर करावे, पण ते शेवटचा मुक्काम समजू नये. एक गीत घ्यावे, ते आरंभापासून शेवटपर्यंत, न जोडता, न पुसता मुद्रित करावे. आठ दिवसांनी तेच पुन्हा करावे आणि दोन्ही मुद्रणे शेजारी ठेवून ऐकावी. दूरच्या धर्मग्रामातील गायकवृंदाला ते पाठवावे, म्हणजे सणाला तो तेथे पोहोचेल तेव्हा सर्वांची पट्टी आणि लय जुळलेली असेल. दुसऱ्या वादकाने मुद्रित केलेल्या पट्टीवर आपली पट्टी चढवावी आणि ऐकत ऐकत वाजविण्याचा सराव करावा. असे करताना संगणकातून परत येणारा आवाज काही क्षणांश उशिरा येतो. सेकंदाच्या शंभराव्या भागाचा विलंब म्हणजे साडेतीन मीटरवर बसलेल्या सोबत्याकडून आवाज यावयास जितका वेळ लागतो तितकाच. तेवढा सांभाळता येतो. त्याहून फार वाढला तर हात अडखळतो आणि मग यंत्राची मांडणी तपासावी. या सर्व उपयोगांत संगणक साथीदाराची जागा बळकावीत नाही. तो साथीदारापर्यंत पोहोचण्याची वाट होतो.

आरंभी आम्ही विचारले होते, की गुरू, साथीदार आणि श्रोता यांपैकी कोणती भूमिका संगणकाला पेलते. आमचे मत आता मांडतो. साथीदाराची भूमिका त्याला पेलत नाही. गुरूची अर्धवट पेलते. तो दोष दाखवितो, पण त्यांतला कोणता दोष आधी दूर करावा आणि कोणता दोष वस्तुतः गुण आहे, हे सांगू शकत नाही. स्वयंभू गंधाराला बेसूर ठरविणाऱ्या साधनाला गुरू म्हणणे धाडसाचे होईल. श्रोत्याची भूमिका मात्र तो उत्तम करतो. तो कंटाळत नाही, खुशामत करीत नाही आणि जे वाजले तेच परत ऐकवितो.

आपल्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना एक विनंती. मुलाने मुद्रण ऐकविले की ‘छान’ म्हणून फोन परत देऊ नये. दोन प्रश्न अवश्य विचारावे: हे सलग वाजविले आहेस की जोडले आहेस? आणि हेच आता, माझ्यासमोर, वाजवून दाखवितोस का? दुसऱ्या प्रश्नाला मूल गिटार काढून बसले, तर समोरच्या वादनात एखादा स्वर चुकला तरी तो चुकू द्यावा आणि गीत संपेपर्यंत ऐकावे.